गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि रक्तातले अँटिऑक्सिडंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की दोन दिवसांत कुणीतरी पावडरचा डबा घेऊन दारात उभं असतं. ‘कॅन्सरच्या पेशंटचे अँटिऑक्सिडंट कमी झालेले असतात, ते भरून काढा,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यातला पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे. घोळ दुसऱ्या अर्ध्यात आहे, आणि खालचं बहुतेक लिखाण त्या घोळाबद्दल आहे. प्रश्न मुख्यतः नातेवाइकांचे आहेत, म्हणून ते ज्या भाषेत येतात त्याच भाषेत ठेवले आहेत.

अँटिऑक्सिडंट म्हणजे नेमकं काय?

पेशी प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करते, तेव्हा काही अर्धवट, चिडके रेणू उरतात. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. ते शेजारच्या चरबीवर, प्रथिनांवर, डीएनएवर तुटून पडतात. त्यांना निकामी करणारी शरीरातली यंत्रणा म्हणजे अँटिऑक्सिडंट.

त्यातले काही एन्झाइम असतात आणि ते शरीर स्वतः बनवतं: सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथिओन परॉक्सिडेज. ग्लुटाथिओन हा छोटा रेणूही जवळपास प्रत्येक पेशीत तयार होतो. सी आणि ई ही जीवनसत्त्वं आणि बीटा कॅरोटीन मात्र जेवणातूनच यावं लागतं. रक्तात या कामाचा मोठा वाटा युरिक ॲसिड उचलतं, ज्याचं नाव आपण फक्त सांधे दुखले की काढतो.

जाहिरातीत न सांगितली जाणारी एक गोष्ट इथेच सांगतो. फ्री रॅडिकल सगळे वाईट नसतात. पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात, आणि किरणोपचारसुद्धा गाठ मारायला तेच वापरतात.

पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये ते खरंच कमी होतात का?

रक्तात, हो, बहुतेक अभ्यासांत तसंच दिसतं. भारतातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या बायोकेमिस्ट्री विभागांचा हा जुना आवडता विषय आहे. पद्धत साधारण ठरलेली: गर्भाशयमुखाचा कर्करोग असलेल्या तीस, चाळीस किंवा साठ बायका, त्याच वयाच्या तितक्याच निरोगी बायका, आणि दोन्ही गटांच्या रक्ताची तुलना. रुग्ण गटात जीवनसत्त्व सी, जीवनसत्त्व ई, ग्लुटाथिओन आणि ते तीन एन्झाइम कमी सापडतात. चरबीची नासधूस झाल्यावर उरणारं मॅलोनडायअल्डिहाइड वाढलेलं सापडतं. आजार जितका पुढच्या टप्प्यात, तितका हा फरक मोठा, असंही अनेक ठिकाणी नोंदलेलं आहे.

मात्र एन्झाइमच्या बाबतीत सगळ्यांचं एकमत नाही. काहींना डिस्म्युटेज कमी मिळालं, काहींना वाढलेलं. नमुना लाल पेशींचा घेतला, प्लाझ्माचा की गाठीच्या तुकड्याचा, यावर उत्तर फिरतं.

कमी होतात म्हणून कॅन्सर होतो, की कॅन्सर झाला म्हणून कमी होतात?

खरा प्रश्न हाच आहे. या कर्करोगाचं मूळ कारण आता वादाचं राहिलेलं नाही. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला की हा आजार होतो. 16 आणि 18 हे दोन प्रकार मिळून जगातल्या सुमारे 70 टक्के केसेसना जबाबदार आहेत. हा संबंध दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउसेन यांना 2008 चं नोबेल मिळालं. विषाणूची ई-6 आणि ई-7 ही प्रथिनं पेशीचे पहारेकरी निकामी करतात. अँटिऑक्सिडंट कमी असणं हे फार तर त्याला हातभार लावणारं काहीतरी असू शकतं.

उलट दिशेचा पुरावा जास्त भक्कम आहे. आजारामुळे पातळी का घसरते, याची कारणं एकेक करून बघा. गाठीभोवती सतत सूज आणि संसर्ग असतो, त्यात जीवनसत्त्व सी झपाट्याने खर्ची पडतं. अंगावरून महिनोन् महिने रक्त जातं. भूक मरते. ज्या बाईला हा आजार होतो ती बहुतेकदा आधीच गरीब घरातली, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणारी. तिची तुलना ज्या ‘निरोगी’ बायकांशी केली जाते, त्यांत बऱ्याचदा हॉस्पिटलातल्याच नर्स, विद्यार्थिनी किंवा नातेवाईक असतात. म्हणजे फरक कॅन्सरचा किती आणि ताटातल्या भाजीचा किती, हे वेगळं काढता येत नाही. जीवनसत्त्व ई तर रक्तातल्या चरबीबरोबर फिरतं. कोलेस्टेरॉल उतरलं की ते आपोआप कमी दिसतं, प्रत्यक्षात कमतरता असो वा नसो.

शेवटी कसोटी एकच: भरून काढलं तर फायदा होतो का? गर्भाशयमुखावर कर्करोगाच्या आधीचे बदल असलेल्या बायकांना बीटा कॅरोटीन देऊन बघण्याचे प्रयोग 1991 ते 2001 च्या दरम्यान नेदरलँड्स, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात झाले. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला दिसायला तशीच पण रिकामी गोळी. ऑस्ट्रेलियात सोबत जीवनसत्त्व सी देऊनही पाहिलं. बदल मागे हटण्याच्या बाबतीत कुठेही गोळीचा फायदा दिसला नाही.

मग गाठीतही ते कमीच असणार ना?

नाही, आणि इथेच ‘भरून काढा’चा हिशेब फसतो. रक्त एक सांगतं, गाठ दुसरंच. अनेक प्रकारच्या गाठींत, गर्भाशयमुखाच्या गाठींतही, ग्लुटाथिओन आजूबाजूच्या निरोगी भागापेक्षा वाढलेलं सापडतं. कर्करोगाच्या पेशी वेगाने वाढतात, त्यांच्यात फ्री रॅडिकल जास्त तयार होतात, म्हणून त्या स्वतःची संरक्षण यंत्रणाही दुप्पट जोरात चालवतात. ग्लुटाथिओन भरपूर असलेली पेशी सिस्प्लॅटिनला, म्हणजे या कर्करोगात देतात त्या केमोच्या औषधाला, सहज दाद देत नाही, कारण ग्लुटाथिओन त्या औषधालाच चिकटून ते बाहेर काढायला मदत करतं.

उंदरांवरचे प्रयोग याच्या पुढे गेले. 2014 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी फुफ्फुसाचा कर्करोग असलेल्या उंदरांना जीवनसत्त्व ई किंवा एन-ॲसिटिल सिस्टीन हे अँटिऑक्सिडंट दिलं, तर गाठी वेगाने वाढल्या. उंदीर म्हणजे बाई नव्हे आणि फुफ्फुस म्हणजे गर्भाशय नव्हे, हे मान्य. पण ‘अँटिऑक्सिडंट आहे, नुकसान तर करणार नाही’ असं बिनधास्त म्हणण्याची सोय त्यानंतर उरलेली नाही.

खासगी लॅबमध्ये ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस पॅकेज’ मिळतं. करून घ्यावं का?

माझं सरळ उत्तर: नको. बायोकेमिस्ट्रीच्या टेबलावर काम केलेल्या माणसाचं हे मत आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

मॅलोनडायअल्डिहाइड मोजायची जुनी, स्वस्त पद्धत अशी: नमुन्यात थायोबार्बिट्युरिक ॲसिड घालायचं, टेस्ट ट्यूब उकळत्या पाण्यात ठेवायची, गुलाबी रंग आला की तो 532 नॅनोमीटरवर वाचायचा. रंग सुंदर येतो. पण रक्तातली साखर, बिलिरुबिन आणि इतर अल्डिहाइडही त्यात आपापली भर घालतात. जीवनसत्त्व सी तर इतकं नाजूक की रक्त काढल्यावर लगेच थंड करून, प्लाझ्मा वेगळा करून त्यात मेटाफॉस्फोरिक ॲसिड घातलं नाही तर काही तासांत उडून जातं. घरी येऊन रक्त घेणारा मुलगा स्कूटरवर आणखी चार घरं करून लॅबला पोचेपर्यंत आकडा पडलेला असतो. सुई टोचताना लाल पेशी फुटल्या तर उलटं: त्या डिस्म्युटेज आणि कॅटालेजने गच्च भरलेल्या असतात, म्हणून आकडा चढतो. डिस्म्युटेजचं ‘एक युनिट’सुद्धा पद्धतीनुसार बदलतं, त्यामुळे एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही.

‘टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी’ नावाचा आकडा सर्वांत फसवा. त्यातला मोठा भाग युरिक ॲसिडचा असतो. पुढच्या टप्प्यातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगात गाठ मूत्रवाहिनी दाबते, किडनीला सूज येते, युरिक ॲसिड साठत जातं आणि हा आकडा छान दिसू लागतो. आजार वाढतोय, रिपोर्ट मात्र ‘उत्तम’.

त्या पैशांत हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी तपासणी) करा. सिस्प्लॅटिन सुरू असताना ते दोन आकडे दर आठवड्याला डॉक्टर बघतात, आणि त्यावर पुढचा निर्णय ठरतो.

या पातळीवरून स्टेज कळते का?

नाही. स्टेज तपासणी, एमआरआय, सीटी किंवा पेट स्कॅनवरून ठरते.

शेक चालू असताना जीवनसत्त्वांच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेतल्या तर काय होईल?

आधी शेक, म्हणजे किरणोपचार, काम कसा करतो ते बघू. पुढच्या टप्प्यातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला साधारण पाच आठवडे बाहेरून किरणं देतात, आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिनचं सलाईन, आणि मग ब्रॅकीथेरपी, म्हणजे आतून शेक. ही किरणं पेशीतल्या पाण्यावर आदळून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार करतात, आणि डीएनएचं सुमारे दोन तृतीयांश नुकसान हेच रॅडिकल घडवतात. म्हणजे आपण पैसे, वेळ, त्रास सोसून जे रॅडिकल गाठीत तयार करतोय, तेच विझवायची गोळी वरून गिळायची. पेरणी करून मागून पाखरं सोडण्यासारखं आहे हे.

तर्क असा असला तरी तर्क म्हणजे पुरावा नव्हे. त्यामुळे प्रत्यक्ष काय दिसलं तेही सांगायला हवं. कॅनडात क्यूबेकमध्ये डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या 540 रुग्णांवर प्रयोग झाला. किरणोपचाराबरोबर जीवनसत्त्व ई आणि काही काळ बीटा कॅरोटीन दिलं. तोंडाची आग वगैरे तीव्र त्रास थोडा कमी झाला. पण गाठ त्याच जागी परत येण्याकडे कल दिसला, आणि गोळ्या चालू होत्या त्या काळात नवे कर्करोगही जास्त आढळले. 2005 मध्ये हे निष्कर्ष आले. खास गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एवढा मोठा प्रयोग झालेला नाही, म्हणून बहुतेक कर्करोगतज्ज्ञ सावध बाजू धरतात: किरणोपचार आणि केमोच्या काळात मोठ्या डोसची पूरकं नकोत. मलाही तेच पटतं. त्रास कमी झाला आणि आजार परतला, हा सौदा कुणाला हवा आहे?

ज्यातून जीव वाचण्याचा फरक पडतो ते दुसरीकडे आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलने स्टेज 3-बी च्या 850 बायकांवर केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या शेकाने पाच वर्षांनी 46 टक्के बायका हयात होत्या, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन दिल्यावर 54 टक्के. आणि बाहेरचा-आतला मिळून सगळा शेक आठ आठवड्यांत पुरा व्हायला हवा. रेंगाळला की गाठीवरचा ताबा सुटत जातो. गावी लग्न आहे, सुगी आहे, एसटी मिळाली नाही म्हणून पडलेले खंड मला कुठल्याही जीवनसत्त्वाच्या कमतरतेपेक्षा जास्त घाबरवतात.

व्हिटॅमिन सीचं सलाईन घेतलं तर? नातेवाइकांनी पत्ता दिला आहे.

शिरेतून खूप मोठ्या डोसने दिलेलं जीवनसत्त्व सी शरीरात उलटं वागतं, म्हणजे फ्री रॅडिकल वाढवतं. म्हणूनच त्यात संशोधकांना रस आहे. पण संशोधनाचा रस आणि सिद्ध उपचार यांत अंतर आहे. 1976 मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि स्कॉटलंडमधले डॉक्टर युअन कॅमेरॉन यांनी सीच्या मोठ्या डोसने कॅन्सरच्या रुग्णांचं आयुष्य वाढतं, असे मोठे दावे केले. नंतर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 1979 आणि 1985 मध्ये तोंडाने मोठा डोस देऊन नीट प्रयोग केले, तेव्हा फायदा दिसला नाही. शिरेतून देण्याचा मुद्दा त्यामुळे पुरता निकाली निघाला नाही हे खरं, पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगात त्याने आयुष्य वाढतं असं आजवर कुणी दाखवलेलं नाही.

धोके मात्र ठाऊक आहेत. सीचं ऑक्सॅलेट बनतं आणि ते किडनीत साठतं. सिस्प्लॅटिन आधीच किडनीवर ताण देत असतं, आणि गाठीने मूत्रवाहिनी दाबलेली असेल तर विचारूच नका. जी-6-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल तर लाल पेशी फुटतात. आणि मधुमेह असलेल्या बाईंच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवाच: अशा सलाईननंतर काही तास घरचा ग्लुकोमीटर साखर खोटीच वाढलेली दाखवू शकतो. ती बघून इन्सुलिन टोचलं तर जिवावर बेतेल.

मग आवळा, पेरू, हळद, पालेभाज्याही बंद करायच्या का?

अजिबात नाही. जेवणातून मिळणारं प्रमाण आणि गोळीतलं प्रमाण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शंभर ग्रॅम पेरूत साधारण 200 मिलिग्रॅम सी असतं, आणि भारतीय बाईची रोजची शिफारस 65 मिलिग्रॅमची आहे. शिवाय तोंडाने कितीही घेतलं तरी ठरावीक पातळीनंतर रक्तातलं सी वाढत नाही, उरलेलं लघवीवाटे जातं. भाजीत, दुधात घालतो तेवढ्या हळदीलाही हरकत नाही. कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या अर्काच्या, कॅप्सूल वेगळ्या.

अडचण निराळीच येते. पोटाच्या खालच्या भागाला शेक सुरू झाला की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जुलाब सुरू होतात. तेव्हा ‘पेरू चांगला, कोशिंबीर चांगली’ म्हणून बियांचे पेरू आणि कच्ची कोबी भरवली तर बाईचे हाल होतात. त्या दिवसांत मऊ भात, मुगाची खिचडी, ताक, केळं, उकडलेला बटाटा, चालत असेल तर अंडं. पाणी भरपूर, कारण सिस्प्लॅटिनला पाणी लागतंच. आवळा खायचाच असेल तर मोरावळ्याची एखादी फोड पुरे. जुलाब थांबले की पालेभाजी, मोसंबी, पेरू सगळं परत ताटात येऊ दे.

डॉक्टरांनीच लोह आणि फॉलिक ॲसिड लिहून दिलंय. तेही घ्यायचं नाही?

ते घ्या. ती कमतरता मोजून दिलेली औषधं आहेत. रक्त कमी असलं की गाठीला प्राणवायू कमी पोचतो, आणि प्राणवायू नसलेल्या गाठीवर किरणं नीट लागू पडत नाहीत. म्हणून शेक चालू असताना हिमोग्लोबिन 10 च्या वर ठेवण्याची बहुतेक ठिकाणी धडपड असते, वेळ पडली तर रक्तही चढवतात. नियम सोपा: उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलेलं चालेल, दुकानदाराने सुचवलेलं त्यांना दाखवल्याशिवाय नाही.

मिश्री आणि तंबाखूचा याच्याशी काही संबंध?

आहे. धूम्रपानाने रक्तातलं जीवनसत्त्व सी घटतं हे पक्कं माहीत आहे, आणि धूम्रपान हा या कर्करोगाचा मान्य धोका आहे. तंबाखूतलं निकोटिन गर्भाशयमुखाच्या स्रावातही सापडतं. आपल्याकडे बायका सिगारेट कमी ओढतात, पण मिश्री लावतात आणि तंबाखू चघळतात. उपचार सुरू झाल्यावर ‘आता एवढ्या वयात कशाला सोडायची’ असं घरचेच म्हणतात. सोडायला लावा. रक्तातले अँटिऑक्सिडंट वाढवायचा हा बिनपैशाचा उपाय आहे, आणि शेकाचा त्रासही त्याने कमी होतो.

उपचार संपल्यावर पूरकं सुरू केली तर?

रक्ततपासणीत एखादी कमतरता निघाली तर तेवढीच भरून काढा. ‘परत होऊ नये म्हणून’ मोठे डोस घेण्याला आधार नाही. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या प्रयोगात बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त निघाला, हे 1994 मध्ये जाहीर झालं. अमेरिकेतला तसाच दुसरा प्रयोग 1996 मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. मिश्री किंवा विडीची सवय असलेल्या घरात बीटा कॅरोटीनच्या गोळ्या आणू नका, एवढं तरी यातून घ्यावं.

मुलींना हा आजार होऊ नये म्हणून अँटिऑक्सिडंट द्यावेत का?

त्यांना एचपीव्हीची लस द्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक 2023 पासून बाजारात आहे, ती 16 आणि 18 या दोन्ही प्रकारांपासून संरक्षण देते. नऊ ते चौदा हे उत्तम वय.

घरातल्या मोठ्या बायकांची तपासणी करा. जगाला याचा पुरावा आपल्याच भागातून मिळालेला आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या पथकांनी गावोगाव फिरून एक लाख तीस हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास केला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. 2009 मध्ये हे प्रसिद्ध झालं. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून, गर्भाशयमुखावर व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिड लावून दर दोन वर्षांनी तपासणी केली. बारा वर्षांनी मृत्यू 31 टक्के कमी. कुठल्याही जीवनसत्त्वाच्या गोळीने या आजारात असा आकडा कधी दिलेला नाही.

पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, संबंधानंतर रक्त जाणं, अंगावरून घाण वासाचं पाणी जाणं, यांतलं काही असेल तर तपासणीची पाळी येईपर्यंत थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

सासूबाईंसाठी साडेतीन हजारांची पावडर आणून ठेवलीय. आता काय करू?

फोडली नसेल तर परत करून पैसे मागा. फोडली असेल तर पुढच्या ओपीडीला डबाच पिशवीत घालून न्या, नुसतं नाव सांगू नका, कारण लेबलवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात जीवनसत्त्व ई, सेलेनियम, ग्रीन टीचा अर्क असं बरंच काही असतं. जीवनसत्त्व ई मोठ्या डोसमध्ये रक्त गोठण्यात अडथळा आणतं, आणि रक्तस्राव होणाऱ्या गाठीत ते अजिबात नको, म्हणून डोस किती आहे हे डॉक्टरांना बघू दे. आतापर्यंत सासूबाईंनी घेतली असेल तर तेही मोकळेपणाने सांगा, कुणी रागवत नाही. शेकाची तारीख मात्र त्यासाठी चुकवू नका. योजनेचं कार्ड, फाइल आणि डबा, तिन्ही एकाच पिशवीत ठेवा.